पासआउट झाला, म्हणजे पडला की सुटला?

लग्नाच्या बायोडाटात ‘शिक्षण’ या रकान्यापुढे पूर्वी ‘बी.ई. सिव्हिल’ एवढं लिहिलं की भागायचं. आता भागत नाही. आता ‘बी.ई. सिव्हिल, २०१६ पासआउट, पुणे’ असं सविस्तर लिहावं लागतं. त्यातून मुलाचं वय, त्याची हुशारी आणि वडिलांनी भरलेली फी या तिन्ही गोष्टींचा अंदाज मुलीकडच्यांना एका ओळीत येतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘२०२४ व २०२५ पासआउट उमेदवारांनीच यावे’ असं असतं. चौकातल्या फ्लेक्सवर अख्ख्या वॉर्डातली दहावीची मुलं एकदम पासआउट होतात आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या फोटोत नगरसेवक त्यांचं अभिनंदन करतो. लिफ्टमध्ये भेटलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका नव्या भाडेकरूला आडनाव विचारतात, गाव विचारतात आणि लगेच, “कितीचा पासआउट तू?”

या शब्दाला हसणारा एक वर्गही आता आपल्याकडे तयार झाला आहे. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नवी मुलं रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात त्यांना एका थंडगार खोलीत बसवतात आणि त्यांचं इंग्रजी सुधारायला घेतात. ज्या इंग्रजीतून मुलाखत घेऊन त्यांना निवडलेलं असतं, तेच इंग्रजी. पडद्यावर चुकांची यादी येते. त्यात ‘प्रीपोन’ असतं, ‘डू द नीडफुल’ असतं, ‘व्हॉट इज युवर गुड नेम’ असतं आणि ‘पास आउट’ तर असतंच असतं. मग शिकवणाऱ्या मॅडम तो किस्सा सांगतात. आपल्याकडचा एक मुलगा परदेशी साहेबाला फोनवर म्हणाला, “आय पास्ड आउट इन ट्वेंटी टेन.” साहेब काळजीने म्हणाला, “अरेरे! मग शुद्धीवर कधी आलात?”

खोलीत हशा पिकतो. हसण्याची हजेरी लागत असल्यासारखी मुलं हसतात. हा किस्सा सांगणारा प्रत्येक जण तो आपल्याच कंपनीत, आपल्याच मजल्यावर, कॉफीच्या मशिनशेजारच्या टेबलावर घडला असं शपथेवर सांगतो. साहेब मात्र कुणी लंडनचा सांगतो, कुणी टेक्ससचा. मला हा किस्सा घडल्याचाच संशय आहे. जो साहेब वर्षानुवर्षं आपल्या लोकांकडून कामं करून घेतो, त्याला ‘पास आउट’ म्हणजे पदवी घेतली हे कळत असतं आणि ‘टुडे इटसेल्फ’ म्हणजे परवा, हेही कळत असतं.

शिवाय हसणाऱ्यांची माहिती अर्धवट आहे. मेच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, वर्षातून दोनदा, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत खेत्रपाल परेड ग्राउंडवर जो सोहळा होतो, त्याचं नावच मुळी ‘पासिंग आउट परेड’ आहे. तीन वर्षं तिथे घाम गाळलेले कॅडेट शेवटी संथ पावलांनी ‘अंतिम पग’ टाकून बाहेर पडतात. ३० मे २०२५ रोजी १४८व्या कोर्सच्या मुलांबरोबर तिथून पहिल्यांदाच १७ मुलीही पासआउट झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या एकाही वर्तमानपत्रात ‘खडकवासल्यात १७ मुली बेशुद्ध’ असा मथळा नव्हता.

हा शब्दप्रयोग आपण घरी केलेला नाही. तो ब्रिटिशांच्या लष्करातला आहे. खुद्द इंग्लंडात पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान प्रशिक्षण संपवून आजही पास आउटच होतात, त्यांचे आईवडील टोप्या घालून टाळ्या वाजवायला येतात, आणि तिथे कुणालाही त्यात विनोद दिसत नाही. आपण एवढंच केलं की छावणीतला शब्द कॉलेजात आणला. तिकडे जो मान बंदूक चालवणाऱ्याला होता, तो इकडे अकाउंट्सचा पेपर सोडवणाऱ्याला दिला. अकाउंट्सचा पेपर ज्याने सोडवला आहे, तो यात अतिशयोक्ती आहे असं म्हणणार नाही.

दुसरा अर्थ, म्हणजे भोवळ येऊन पडण्याचा, तोही इंग्रजीत तितकाच रुळलेला आहे. त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच मैदानावर समोरासमोर येण्याची वेळ अधूनमधून येते. लंडनला राजाच्या वाढदिवसाची मोठी परेड असते, तिची रंगीत तालीम १० जून २०२३ ला झाली. ऊन तीस अंशांच्या आसपास. तीस अंश म्हणजे आमच्या जळगावला स्वेटर शोधायची वेळ, पण तिथे लोकरीचा जाड लाल कोट आणि डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची हातभर टोपी होती. समोर घोड्यावर युवराज विल्यम. शिपाई एकेक करून आडवे होऊ लागले. त्यात बँडमधला एक ट्रॉम्बोनवाला होता. तो पडला, धडपडत उठला आणि पुन्हा ट्रॉम्बोन तोंडाला लावून वाजवू लागला. आपल्याकडे वरातीतला ब्रासबँडवाला हे काम मे महिन्यात, दुपारी दीडच्या मुहूर्ताला, नवरदेवाच्या मामाचा नाच संपेपर्यंत करतो. त्याचा व्हिडिओ जगभर जात नाही एवढंच.

यामागचं शास्त्र सरळ आहे. माणूस ताठ, न हलता उभा राहिला की रक्त पायांकडे साचतं. पोटऱ्या हलल्या तर त्या रक्ताला वर ढकलतात, पण सावधानमध्ये पोटऱ्या हलवायची सोय नसते. मग मेंदूला रक्त कमी पडतं, आणि ते मिळावं म्हणून मेंदू सगळ्या देहालाच आडवं करून टाकतो. म्हणून जुने हवालदार नव्या पोरांना सांगतात की बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा. ब्रिटिश गार्ड्सची शिस्त तर अशी की पडायचं झालंच तर तेही सावधानमध्येच पडायचं. हात पुढे करून स्वतःला सावरणं हा गबाळेपणा. ओंडका पडावा तसं सरळ, नाकावर. पासआउट होण्याचंही ड्रिल असणारी ही जगातली एकमेव संस्था असावी.

आपल्या शाळांनी मात्र पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला याच शास्त्राचा जास्त व्यवहारी उपयोग केला आहे. प्रमुख पाहुण्यांचं भाषण ‘आजचे विद्यार्थी हे उद्याचे’ इथपर्यंत आलं की आठवी ब मधला एक जण हमखास पडतो. त्याला उचलायला चौघे धावतात. एक डोकं धरतो, दोघे पाय धरतात, चौथा त्याची टोपी धरतो. पाचही जणांचं भाषण चुकतं. जिन्याखाली सावलीत शिपाई त्याला ग्लुकोजचं पाणी पाजतो, उरलेलं चौघे पितात. पीटीच्या सरांना यातला कोण खरा पडला आणि कोणाचा नंबर होता हे चेहऱ्यावरून कळतं, पण सरही त्या गटाबरोबर सावलीत आलेले असतात.

तर मुद्दा ‘पास’चा. हा ‘पास’ आपल्याकडे विद्यापीठाबरोबर आला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्यातून पार झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. या न्यायाने हे दोघे महाराष्ट्राचे आद्य पासआउट. पण त्यांच्याबद्दल कुणी तसं म्हणत नाही. कारण त्या काळी लोक परीक्षा ‘देत’ आणि पुढे काहीतरी ‘होत’. मुलगा मॅट्रिक झाला, बी.ए. झाला, वकील होऊन आला. ‘पास’ या इंग्रजी शब्दाला फारसीतला ‘ना’ जोडून आपण ‘नापास’ हा एक अप्रतिम शब्दही घडवला. तो इतका चपखल बसला की इंग्रजाचा ‘फेल’ दारात उभा असूनही कितीतरी घरांत त्याला आत घेतलं गेलं नाही. ‘फेल’ ब्रेक होतात, किडनी होते. पोरगा नापासच होतो.

मग ‘पास’ असताना ‘आउट’ची गरज का लागली? सेमिस्टर पद्धतीमुळे. हे माझं मत आहे, पण ते मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे. पूर्वी माणूस वर्षातून एकदा पास व्हायचा, पेढे वाटायचा, मोकळा व्हायचा. आता इंजिनिअरिंगचा मुलगा आठ सेमिस्टर देतो. तिसऱ्या सेमिस्टरला पाचव्यातलं काहीतरी शिकतो आणि पाचव्यात पहिल्यातलं गणित सोडवतो. एटीकेटी म्हणजे इंग्रजीत ‘टर्म चालू ठेवण्याची मुभा’, मराठीत ‘सांगतो नंतर’. अशा मुलाला “पास झालास का?” असं विचारणं क्रूरपणाचं आहे, कारण तो एकाच वेळी सहा विषयांत पास, दोनांत नापास आणि एकात रिचेकिंगला टाकलेला असतो. म्हणून “पासआउट झालास का?” म्हणजे काय ते सगळं उरकून, लायब्ररीची पुस्तकं परत करून, नो ड्यूजच्या कागदावर तेरा सह्या घेऊन, त्या इमारतीच्या फाटकाबाहेर एकदाचा आलास का? ‘पास’मध्ये गुण आहेत, ‘आउट’मध्ये सुटका आहे. बापाला दुसऱ्यात जास्त रस असतो.

‘पास’चं आणखी एक अपत्य आरटीओत नोकरीला आहे, त्याचं नाव ‘पासिंग’. एमएच बारा पासिंगची गाडी, एमएच झिरो नाइन पासिंगची गाडी. टेम्पोचं पासिंग आलं की मालकाची जी धावपळ होते ती बघण्यासारखी असते. हेडलाइटचा एक बल्ब मेहुण्याच्या गाडीतून येतो, बऱ्यापैकी टायर ओळखीच्या माणसाकडून दिवसापुरते येतात, रिफ्लेक्टरची लाल-पांढरी पट्टी आदल्या रात्री चिकटते, आणि पुढचा बंपर सकाळपर्यंत ओला असतो. साहेब हॉर्न वाजवून बघतात. त्या दिवशी हॉर्न वाजतो. पासिंग झालं की टायर परत. जर्नल आदल्या रात्री मित्राचं बघून उतरवायचं आणि तोंडी परीक्षेपुरतं चार व्याख्या उसन्या घेऊन जायचं, ही इंजिनिअरिंगची पद्धत आणि ही पद्धत यांत मला फरक करता येत नाही. फरक असलाच तर टेम्पोला ठरलेल्या मुदतीने पुन्हा पासिंगला जावं लागतं आणि इंजिनिअरला कुणी पुन्हा बोलवत नाही.

पण खरी मेख ‘पास’मध्ये नाही, ‘आउट’मध्येही नाही. ती दोघांच्या जोडीत आहे. इंग्रजीतली ही जोडपी एकेकटी भेटली तर अत्यंत सज्जन असतात. ‘लुक’ म्हणजे बघ, ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे नंतर बघ नव्हे, सांभाळ. अर्थात आपल्याकडच्या काही घरांत आणि सगळ्या कचेऱ्यांत सांभाळणं म्हणजे नंतर बघणंच असतं, तो भाग वेगळा. ‘पुट’ म्हणजे ठेव, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सोबत, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन कर. ‘ब्रेक’चं तर विचारूच नका. ब्रेक वर गेला तर प्रेम तुटतं, खाली आला तर एसटी.

या प्रकाराचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असा गैरसमज नको. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश केला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं की क्रियापदाला असे शेपटीवजा शब्द जोडून अर्थ बदलायची खोड इंग्रजीला फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. कबूल केलं आणि पुढे गेला. या शेपटीवाल्या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मिळायला १९२५ साल उजाडलं. लोगन पिअरसॉल स्मिथने आपल्या पुस्तकात ते छापलं, आणि नाव सुचवलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी, असं प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे आमच्या तर्खडकरांच्या पाठमालेवर ज्यांनी पहिल्यांदा इंग्रजी गिरवलं, त्यांना छळणाऱ्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मार खायचा आणि फिर्याद कुणाच्या नावे करायची ते कळत नाही, अशी अवस्था.

सी. के. ऑग्डेन नावाच्या गृहस्थांना तर जगाची दया आली. त्यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ काढलं. शब्द फक्त ८५०, आणि त्यांतली क्रियापदं अवघी १८. पुढे चर्चिलसाहेबांनीही त्याची तरफदारी केली. १८ क्रियापदांत संसार करायचा म्हटल्यावर माणूस काय करणार? तो ‘सरेंडर’ न म्हणता ‘गिव्ह अप’ म्हणणार, ‘एंटर’ न म्हणता ‘गो इन’ म्हणणार. ज्या शेपट्यांना जग घाबरत होतं, त्या सगळ्या मागच्या दाराने आत आल्या. शब्द पाठ करायचे वाचले आणि जोड्या पाठ करायच्या वाढल्या. महापालिकेच्या नदीसुधार योजनेत पाणी जसं एका नाल्यातून काढून दुसऱ्यातून सोडतात, त्यातलीच ही सुधारणा.

मराठी माणसाने मात्र यावर शांतपणे एक तोडगा काढला आहे, आणि त्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही. इंग्रजाचा ‘आउट’ वाक्यात इकडून तिकडे फिरतो. मध्येच कर्म घुसतं, ‘टर्न ऑफ इट’ म्हटलं की मास्तर छडी मारतात, ‘टर्न इट ऑफ’ म्हटलं की सोडतात. आपण काय केलं? दोन्ही तुकडे वेल्डिंग करून टाकले. पिकअप, चेकअप, ब्रेकअप, बॅकअप, कटऑफ, लेआउट, पासआउट. एक शब्द, मध्ये फट नाही, कर्म घुसायला जागा नाही. झालं नाम. मग त्याला आपलं घरचं क्रियापद लावलं. चेकअप करून घेतलं. ब्रेकअप झालं. बॅकअप ठेवला. पिकअप तर चारचाकी झाली, नारायणगावाहून टोमॅटो भरून पहाटे वाशीला जाते आणि तिच्या मागे ‘आई तुझा आशीर्वाद’ असं लिहिलेलं असतं. नाटकातला ‘गेटअप’ बघून कुणाला वाटेल का की हा शब्द मुळात ‘ऊठ’ असाही होता?

आणि ही घरची क्रियापदं जी आपण मागे जोडतो, त्यांचा हिशेब कधी इंग्रजाने मागितला तर आपली पंचाईत होईल. “मी लग्न करतो” हे निवेदन आहे. “लग्न करून टाकतो” म्हटलं की घरच्यांचा तगादा ऐकू येतो. “लग्न करून बसलो” म्हटलं की पुढचं काही विचारायचं नसतं. “मी तुझ्याकडे बघतो” आणि “मी तुला बघून घेतो” यांत बघणं समान आहे, पण पहिल्या वाक्यावर लग्न जमतं आणि दुसऱ्यावर अदखलपात्र गुन्हा नोंदवला जातो. ‘लुक आफ्टर’ अवघड वाटणाऱ्या माणसाने हे रोज न शिकता बोलावं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

नुसतं ‘पडणे’ घ्या. एखादी जर्मन मुलगी पुण्यात मराठी शिकायला येते. पहिल्या दिवशी वहीत लिहिते, पडणे म्हणजे वरून खाली येणे. आंबा पडतो, पाऊस पडतो, ऊन पडतं, इथपर्यंत सगळं वरूनच येतंय. मग घरमालकीणबाई म्हणतात, “आज थंडी पडली बाई.” बरं. “तुला प्रश्न पडला असेल, मी एवढ्या पहाटे का उठले. मला स्वप्न पडलं.” तिच्या वहीत पहिलं प्रश्नचिन्ह पडतं. “दूध कमी पडलं, म्हणून कोपऱ्यावरनं आणलं तर ते महाग पडलं. आमचे हे निवडणुकीत पडले तेव्हापासून घरातच पडून असतात. पूर्वी कुणाच्या पाया पडायचे नाहीत, आता सगळ्यांच्या गळ्यात पडतात. मुलगा प्रेमात पडलाय, मुलीकडच्यांसमोर आम्ही तोंडघशी पडलो, पण लग्न तेवढं पार पडलं की सुटले. तू घाबरू नकोस, तुझा चेहरा पांढरा पडलाय. पडेल हळूहळू अंगवळणी.” आणि हे सगळं खाली न पडता! तिच्या देशात न्यूटनची भानगड नव्हती म्हणून बरं, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचं मूळ सदाशिव पेठेत शोधायची वेळ तिच्यावर आली असती.

आता या यादीत दोन वाक्यं जोडा. ‘तो २०१० साली कॉलेजातून बाहेर पडला.’ ‘तो उन्हात बेशुद्ध पडला.’ पदवी घ्यायलाही पडणे आणि भोवळ यायलाही पडणे. हिंजवडीच्या त्या थंडगार खोलीत ज्या घोटाळ्यावर मुलांना हसायला लावतात, तोच घोटाळा आपल्या आज्यापणज्यांनी इंग्रजाची वाट न बघता आधीच करून ठेवला होता. इंग्रजाने निदान ‘आउट’ तरी दोन्हीकडे तोच ठेवला. आपण तेही बदललं आणि तरी पडलोच.

हल्ली दुसरा अर्थही मालिकांमधून आणि मोबाइलमधून घरात शिरला आहे. विशीतली मुलं दमून झोपण्यालासुद्धा पासआउट होणं म्हणतात. त्यामुळे एकाच छपराखाली दोन पिढ्या दोन अर्थ घेऊन राहतात. आमच्या शेजारच्या स्वयंपाकघरातला हा संवाद भिंतीतून सहज येतो.

“काल कधी आलास रे?”

“लवकरच आलो गं आजी. पण रात्री दोनला पासआउट झालो.”

“दोनला? मग मला उठवायचं नाही होय! साखर तरी ठेवली असती देवापुढे.”

“अगं आजी, पासआउट म्हणजे झोपलो.”

“झोपलास? निकाल लागला आणि झोपलास?”

आजीला हसू नका. हल्ली निकाल रात्री दोनलाच लागतात. वेबसाइट दिवसभर उघडत नाही, पोरं जागी राहून बोटं दुखेपर्यंत रिफ्रेश करतात आणि बाराच्या पुढे कधीतरी गुणपत्रिका दिसते. ज्या घरात अशी रात्र एकदा काढलेली आहे, तिथे आजीचं ऐकणं नातवाच्या बोलण्यापेक्षा जास्त अचूक आहे.

नुसता ‘आउट’ही आपल्याकडे स्वतंत्र धंदा करून आहे. गल्लीच्या क्रिकेटमध्ये आउट होतात, पेपर आउट होतो, प्रश्न आउट ऑफ सिलॅबस असतो आणि बाबूराव शनिवारी फुल आउट असतात. त्याच्याशी काहीही नातं नसलेला आपला जुना ‘औट’ही आहे, म्हणजे साडेतीन. पाढ्यांबरोबर तोही गेला, आता फक्त औट घटकेच्या राज्यापुरता उरला. माझ्या मते बाबूरावांच्या बाबतीत तो पुन्हा वापरात आणायला हरकत नाही. साडेतीन पेगनंतरच्या माणसाला औट म्हणण्यात अर्थही साधतो आणि भाषाशुद्धीही.

पासआउटचा सख्खा भाऊ म्हणजे ड्रॉपआउट. याचं नशीब मात्र अजब निघालं. पूर्वी अर्धवट शिकलेल्या मुलाला ‘शिक्षण सोडलं’ एवढंच म्हणत आणि आवाज खाली आणत. मग बिल गेट्स हार्वर्डमधून शिक्षण न संपवता बाहेर पडल्याची गोष्ट गावोगाव पोचली आणि ड्रॉपआउटचा भाव वधारला. बायोडाटात अजून कुणी ‘ड्रॉपआउट’ लिहिलेलं मी पाहिलेलं नाही, पण बोलण्यात “आमच्या ह्यानं सोडलं कॉलेज, स्टार्टअप करतोय” हे वाक्य आवाज न उतरवता ऐकू येतं. त्यातही बघा, ‘स्टार्ट’ आणि ‘अप’. हाही वेल्डिंगचाच माल. मुलीकडचे विचारतात, “म्हणजे काय करतो?” मुलाची आई सांगते, “ॲप.” बैठक तिथेच आटोपते, कांदेपोहे मात्र सगळ्यांना मिळतात.

एवढी चर्चा झाल्यावर दोन्ही अर्थांचे पासआउट एका जागी बघायचे असतील, तर कुठल्याही बॅचच्या गेटटुगेदरला जावं. माझ्या मामेभावाच्या ग्रुपचं नाव ‘पासआउट ९८’. मुळशीला एक फार्महाउस घेतलं होतं, बायकामुलांना वगळलं होतं, आणि मी चुलत-मामेसंबंधांतून, म्हणजे गाडी माझी होती म्हणून, हजर होतो. साडेसातला सगळे एकमेकांच्या पोटांकडे बघून हसले. आठला जुन्या सरांच्या नकला झाल्या. त्यातला एक जण, याला सगळे ‘अध्यक्ष’ म्हणतात, ९८ चा नव्हेच. ग्राफिक्समध्ये एटीकेटी, मग त्याच्यावर आणखी एक, असं करत तो २००० साली सुटला, पण ग्रुपमधून त्याला काढायची कुणाची छाती झालेली नाही. बॅचचा टॉपर मात्र तिन्ही त्रिकाळ नेमस्त. लिंबूपाणी घेऊन खुर्चीवर ताठ बसलेला, आठही सेमिस्टर सगळ्यांच्या पुढे, निकालाच्या यादीत त्याच्या वर कॉलेजचं नाव तेवढं असायचं.

तंदुरी यायच्या आत, काकडीच्या ताटलीवरच, अध्यक्ष पासआउट झाले. सगळ्यांच्या आधी, निर्विवाद, इतरांना बराच मागे टाकून. टॉपर उठला, त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, चपला काढल्या, पालथा ग्लास सरळ केला आणि मागे वळून वैतागून म्हणाला, “ह्याला आता घरी कोण सोडणार आहे? आणि मागच्या वेळची वर्गणीही ह्याची बाकी आहे.”